सहावा खांब

रावपुऱ्यात जिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात
तिथे वरच्या माळ्यावर होता शितोळ्यांचा स्टुडिओ.
आवरताना त्यांच्या पणतवाने आमच्याकडे पोचवली
काचेच्या निगेटिव्हांची अकरा खोकी,
मध्ये मध्ये गुजराती वर्तमानपत्रं, मेलेल्या मुंग्या,
आणि एका खोक्यात, का कोण जाणे, बडीशेप.

खोकं चार, काच सतरा: पंगत.
सोबत तिचाच कागदावरचा फोटो, हाताने रंगवलेला.
चाळीस पानं, चाळीस पगड्या,
साखरभातावर कुंचल्याने दिलेलं केशर
अजून ओलं वाटावं असं.
उजव्या अंगाला सहा खांब.
सहाव्याला टेकून फुलदाणी.

तो दिवाणखाना आहे अजून, दांडिया बाजारात.
तिथे सीएच्या परीक्षेचे क्लास चालतात.
मधल्या सुट्टीत गेले, खांब मोजले.
पाच.
परत मोजले.
सेव-उसळ खाणाऱ्या एका पोरीने विचारलं,
"मॅडम, काही हरवलंय का?"
म्हटलं, "खांब."

मग काच दिव्यावर धरली.
निगेटिव्हमध्ये जग उलटं बसतं जेवायला:
मिशा पांढऱ्या, भात काळा,
परीटघडीचे अंगरखे कोळशाचे.
आणि सहाव्या खांबाच्या जागी
काचेवर लाल रंगाचा एक पातळ थर.
तिरकं धरलं की थरामागे दिसतो
धूर.
पंगतीच्या कडेने सरकत गेलेला, कंबरेत वाकलेला धूर,
आणि त्याच्या टोकाला, अगदी स्पष्ट,
तुपाची तामली.

फोटोवाला म्हणाला असेल, हलू नका.
सहा मोजेपर्यंत कुणीही हलू नका.
चाळीस जण बसले दगडासारखे,
इतिहासात जाताना बसतात तसे.
याला कुणी सांगितलंच नसेल.
किंवा सांगितलं असेल,
पण समोरच्या भातावर तूप नव्हतं.
धार धरली तेवढाच काय तो थांबला.

मुदपाकखान्याचं बाड मोडीत.
दुर्गादास गुप्ते भिंगातून वाचतात, मी उतरवून घेते.
"साखर आठ शेर. तूप पाच. लवंगा दीड तोळा.
केशर…" थांबले. "खोडलंय. वर लिहिलंय, हळद."
आम्ही दोघंही हसलो.
स्वयंपाकघराने वाचवलेलं केशर
रंगाऱ्याने फुकट वाढलं होतं.
"पुढे?"
"वाढपी चार."
"नावं?"
"नाहीत. लवंगांचं वजन आहे."
मग पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत:
*एका वाढप्याचा हात पोळला. खोबरेल दिले, पैसा एक.*

गुप्त्यांनी भिंग पुसलं. "तोच कशावरून?"
कशावरूनच नाही.

रविवारी घरी करून पाहिला, हळदीचा.
शेजारच्या जागृतीबेन म्हणाल्या, छान, फक्त साखर कमी.
मी वाढत होते, नवऱ्याने फोनवर फोटो काढला.
हात, तामली, तुपाची धार,
बांगडीवरचा उजेडसुद्धा जागच्या जागी.
मी जराही हललेली नाही त्यात.
कुणालाही वाटेल, उभीच होते.

लाल थर पुसायचा नाही, हा आमच्याकडचा नियम.
तोही कुणाचा तरी हातच आहे.
फुलदाणीतल्या फुलाला
त्याने मोजून सात पाकळ्या दिल्यात,
एक जराशी वाळलेली.
एवढं कोण बघणार होतं?

सोमवारी कार्ड लिहिलं:

*खोकं चार, काच सतरा.
बसलेले: चाळीस.
खांब: पाच.
वाढणारा: एक. चालता.*